पाठ नसलेला बाक आणि कान नसलेले साहेब

प्रति,
मा. आराखडाकार साहेब
(उद्यान सुशोभीकरण : नांदेड, लातूर आणि जिथे निधी असेल तिथे)

विषय : ज्येष्ठांच्या सोयीसाठी केलेल्या गैरसोयीबद्दल आभार मानणेबाबत.
संदर्भ : आपण आम्हाला कधीच न पाठवलेले पत्र.

महोदय,

आमच्या उद्यानाच्या फाटकाशी काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला आहे. तिच्यावर पालकमंत्री आहेत, खासदार आहेत, आमदार आहेत, महापौर, उपमहापौर, सभापती आहेत. 'प्रमुख उपस्थिती' आहे आणि 'विशेष उपस्थिती'सुद्धा आहे. नाव नाही ते फक्त ज्यांनी हे सगळं कागदावर काढलं त्यांचं, म्हणजे आपलं. इतका विनय हल्ली दुर्मिळ. आपण एक आहात की अनेक, खासगी कन्सल्टंट आहात की सरकारी, पुण्यात बसता की मुंबईत, काहीच ठाऊक नाही. म्हणून नाइलाजानं नुसतं 'साहेब' म्हणतो.

नाव ठाऊक नसलं तरी आपला हात मात्र ओळखू येतो. मी नांदेडचा, जिल्हा परिषदेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेला. लेक लातूरला दिलेली. त्यामुळे दोन्हीकडच्या वसाहतींमधल्या बागांत बसणं होतं, निदान बसायचा प्रयत्न तरी होतो. एक शहर गोदावरीच्या काठावर, दुसऱ्याला प्यायचं पाणी लांबच्या मांजरा धरणातून आणावं लागतं. माणसं वेगळी, माती वेगळी, तहान वेगळी. बाग मात्र तीच. तीच हिरवळ, तेच कारंजं, तीच सिमेंटची छत्री आणि कचरा टाकायला तोच तोंड वासून उभा असलेला पेंग्विन. मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो तेव्हा त्या पेंग्विनची मला फार दया येते. त्यालाही बदलीच्या ठिकाणाबद्दल कुणी विचारलेलं नसणार.

खास आभार मानायचे ते बाकाबद्दल. त्यावर 'ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव' असं रंगवून ठेवलंय. मी टेप लावून मोजला. उंची १३ इंच. मागे टेकायला पाठ नाही, बाजूला धरायला हात नाहीत, वर गुळगुळीत फरशी. बसलं की गुडघे कमरेच्या वर जातात. तिशीत हे खपून जातं. सत्तरीत मात्र बसणं म्हणजे पडणं आणि उठणं म्हणजे जाहीर कार्यक्रम. म्हातारं माणूस खुर्चीवरून कसं उठतं, हे आपण कधी निरखलंय का? आधी ते कडेला सरकतं, मग खुर्चीच्या हातांवर दोन्ही पंजे रोवतं, मग जोर देऊन गुडघे सरळ करतं. गुडघ्यांच्या कामाचा बराच भार मनगटं उचलतात. बाकाचे हात आपण वाचवलेत आणि तो सगळा भार झिजलेल्या वाट्यांवर टाकलात. आमच्यातले आप्पा, निवृत्त तलाठी, त्यावर एकदा बसले की दोघांनी काखेत हात घालून उठवल्याशिवाय उठत नाहीत. त्यांचा निरोप आहे : "साहेबाला म्हणावं, बसायची सोय केलाव, उठायची कवा करताव?"

साधारण दीड फूट उंची, कलती पाठ, दोन्ही बाजूंना हात. इतकंच हवं होतं. यासाठी परदेश दौरा लागत नाही. आप्पांना विचारलं असतं तर त्यांनी सात-बाराच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढून दिलं असतं.

सावलीची हकीकत त्याहून गोड आहे. आपण बॉटल पाम लावलेत. दिसतात छान, सरकारी कॅलेंडरात शोभतील. पण त्यांची सावली त्यांच्या स्वतःच्या बुंध्यालाही पुरत नाही. बाक उघड्यावर, आणि फरशी संध्याकाळी सहालाही चटका देते. शेवटी आमच्या मदतीला धावला तो सेल्फी पॉइंट. 'आय', मग लाल बदाम, मग शहराचं नाव, अशी पुरुषभर उंचीची अक्षरं. ऊन कललं की त्यांची सावली पूर्वेला लांबते आणि आमची मंडळी घरून आणलेल्या घडीच्या खुर्च्या घेऊन एकेका अक्षराच्या आडोशाला बसतात. 'आय'ची सावली अगदीच काटकुळी, तिथं एकटाच माणूस मावतो. बदामाची ऐसपैस आहे, तिथं चौघे बसतात आणि जागेवरून रोज कुरबुर होते. लाखो रुपयांच्या उद्यानात आम्हाला उपयोगी पडलेली वस्तू ती एकच, आणि तीही आमच्यासाठी नव्हती.

बाकीचं थोडक्यात सांगतो. मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून आपण फिरतं फाटक बसवलंत. मोटारसायकली पलीकडच्या तुटक्या जाळीतून येतात. फाटकात अडकतो तो वॉकर. रॅम्प केलात, त्याबद्दल धन्यवाद. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे उतार एकास बारा हवा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. आपला रॅम्प इतका उभा आहे की पोरं त्यावर घसरगुंडी खेळतात. वाट चकचकीत टाइल्सची. सकाळी माळ्यानं पाणी सोडलं की जो तो भिंत धरून चालतो. शिवाय 'ॲक्युप्रेशर ट्रॅक' आहे : रोवलेल्या गोट्यांवरून अनवाणी चालायचं आणि आरोग्य कमवायचं. मधुमेह जुना झाला की तळपायाची संवेदना कमी होते, खडा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. म्हणून डॉक्टर अशा रोग्याला घरातसुद्धा अनवाणी फिरू नको म्हणतात. आपण त्याच्यासाठी खडे रोवून वर फलक लावलात. डॉक्टरांच्या संघटनेनं आपला सत्कार करायला हरकत नाही.

आणि स्वच्छतागृह. ते आहे, रंगवलेलं आहे, बंद आहे. साठी ओलांडली की पुरुषांना प्रोस्टेट गाठतं, बायकांचे आपले त्रास असतात, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्याच अशा की तासातासाला जावं लागतं. आमच्या वयात माणूस पायांच्या ताकदीवर फिरत नाही, उघड्या स्वच्छतागृहाच्या अंतरावर फिरतो. आमच्या गल्लीतल्या कितीतरी जणी संध्याकाळी बागेत येतच नाहीत. कारण विचारलं तर देवपूजेचं सांगतात. खरं कारण त्या कुलपात आहे.

आपण म्हणाल, तुम्हाला बोलायला कुणी मनाई केली होती? 'हरकती व सूचना' मागवल्या होत्या की! मागवल्या असतील. वर्तमानपत्राच्या आतल्या पानात, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, सात दिवसांच्या मुदतीनं. ती जाहिरात वाचायला भिंग लागलं, आणि भिंग सापडेपर्यंत मुदत संपली. तोवर ठेकेदाराची खडीही येऊन पडली होती. आम्ही सूचना दिली असती तर तीही त्या खडीखालीच गेली असती.

कायद्याचं बळ नव्हतं असंही नाही. हिशेब खात्यात आयुष्य गेल्यामुळे जुनी परिपत्रकं वाचायची खोड आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं बागा आणि मैदानं पालिकांच्या यादीत आणली. २००५ च्या डिसेंबरात शहरांच्या नूतनीकरणाची केंद्राची जेएनएनयूआरएम योजना सुरू झाली, तेव्हा मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांच्या पंगतीला नांदेड बसलं. त्या योजनेत राज्यांना एक अट होती : लोकसहभागाचा कायदा करा. त्यानुसार महाराष्ट्रानं २००९ मध्ये पालिकांच्या कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद केली. आपल्या भागात काय हवं, काय नको, हे त्या भागातल्या मतदारांनी एकत्र बसून सांगायचं. मधल्या काळात, २००८ च्या शिखांच्या गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्तानं, नांदेडचे रस्ते आणि घाट पालटले. ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. क्षेत्रसभा मात्र मोतीबिंदू काढल्यावरही दिसली नाही.

पुढे २०१५ मध्ये शहरांसाठी केंद्राची अमृत योजना आली. तिच्या भर द्यायच्या कामांत बागा आणि मोकळ्या जागा 'विशेषतः मुलांसाठी' असं लिहिलेलं आहे. नातवंडांचं भलं होत असेल तर आमची ना नाही. पण नातवंडाला बागेत घेऊन कोण येतं साहेब? त्याचे आईबाप कामावर असतात. घसरगुंडीशेजारी दीड तास उभं राहायचं काम आजीकडे असतं, कारण तिथं बाक ठेवायचं कुणाला सुचलेलं नसतं.

सरकारचं आमच्यावर लक्ष नाही असं कोण म्हणतो? राज्यानं २०१३ मध्ये ज्येष्ठ नागरिक धोरण आणलं, २०१८ मध्ये ते सुधारलं आणि ज्येष्ठत्वाचं वय ६५ वरून ६० वर आणलं. एसटीत ६५ ला अर्धं तिकीट मिळतं आणि २०२२ पासून ७५ ला फुकट प्रवास. म्हणजे धोरणात आम्ही साठीला ज्येष्ठ होतो, एसटीत पासष्टीला आणि आपल्या आराखड्यात कधीच नाही. २०११ च्या जनगणनेत राज्यातल्या दर दहा माणसांमागे जवळपास एक साठीपुढचा होता. तेव्हा नांदेडची वस्ती साडेपाच लाख. आता आपणच हिशेब करा. आमचे हिशेब कुणी वाचत नाही.

जगात हे काम कसं करतात तेही सांगून ठेवतो. पुढच्या प्रेझेंटेशनमध्ये एक स्लाइड वाढेल. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये ज्येष्ठस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली. ती लिहिण्याआधी जगभरातल्या ३३ शहरांत लोकांशी बोलणं झालं. त्यांत आपल्याकडची दिल्ली आणि उदयपूर होती. सुमारे १,५०० ज्येष्ठांना गटागटानं बसवून विचारलं : तुमच्या शहरात चांगलं काय, त्रासदायक काय? उत्तरं थोर तत्त्वज्ञानाची नव्हती. बसायला जागा, चालायला नीट वाट, जवळ स्वच्छतागृह, भीती न वाटेल इतका उजेड. अमेरिकेत लॉस एंजलिसमध्ये विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या बागांची मार्गदर्शिका केली, तेव्हाही गरीब वस्तीतल्या म्हाताऱ्यांशी बोलूनच केली. आमचे आप्पा जे सांगतात तेच रिओ द जानेरोतला म्हातारा सांगतो. गुडघ्याला देश नसतो.

पण आपण परदेशाकडं बघायचं कारणच काय? लातूरच पुरेसं होतं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या भागात कुणी विसरलेलं नाही. किल्लारीच्या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत ५० हून अधिक गावं नव्या जागी वसवावी लागली. घाई होती, थंडी-पावसाच्या आत छप्पर द्यायचं होतं, हे मान्य. पण कितीतरी नवी गावं आपल्यासारख्याच कुणाच्या पट्टीनं आखली गेली : रुंद सरळ रस्ते, ओळीनं घरं, नंबरवार. घर पक्कं मिळालं. जुना शेजार, भावकीची आळी आणि बसायचा पार मागे राहिला. म्हाताऱ्यांची संध्याकाळ कुठं जाणार, हा रकाना नकाशात नव्हता. त्याच पुनर्वसनाचा दुसरा भागही आहे. जी घरं डागडुजी करून भक्कम करायची होती, तिथं गावोगाव बायकांना 'संवाद सहायक' नेमलं. त्या घरोघरी गेल्या, बायाबापड्यांना भिंत कशी बांधायची ते समजावलं, त्यांच्या अडचणी साहेबांपर्यंत पोचवल्या. विचारलं नाही तर काय होतं आणि विचारलं तर काय होतं, या दोन्हींचा धडा एकाच भागात, एकाच संकटात मिळालाय. अभ्यासाचा 'लातूर पॅटर्न' शिकायला राज्यभरातून पोरं येतात, साहेब. आपणही एखादा क्लास लावा.

हिरवळीचंच बघा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे लातुरात आली, दहा वॅगनमध्ये पाच लाख लिटर पाणी घेऊन. शहर हंडे घेऊन रांगेत होतं. असल्या गावात आपण कारंजं आणि विलायती हिरवळ काढलीत, धैर्याला सलाम. आमच्यात १९७२ च्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडलेली माणसं आहेत. आमच्या भागात कुठल्या आडाला उन्हाळ्यातही पाणी असायचं, कुठला कडुनिंब त्या साली वाळला नाही, कुठल्या कोपऱ्यात पावसाळ्यात गुडघाभर पाणी साठतं, हे त्यांना तोंडपाठ आहे. विचारलं असतं तर त्यांनी कडुनिंब, करंज, वड सांगितले असते आणि बुंध्याभोवती पार बांधायला लावला असता. आपण आम्हाला 'लाभार्थी' म्हणता. आम्ही तुमचे फुकटचे सल्लागार होतो. साठ-सत्तर वर्षांच्या अनुभवाचे, आणि जीएसटीही न लावणारे.

आता एक गोष्ट आमच्याच लोकांना झोंबेल, पण लिहितो. आपण एकदा विचारायचं ठरवलंच तर ज्येष्ठ नागरिक संघाच्या अध्यक्षांना चहाला बोलावून फाइलवर 'लोकसहभाग झाला' असा शेरा मारू नका. आमच्या बैठकांत माझ्यासारखे पेन्शनवालेच बोलतात. माइक हातात आला की सोडत नाहीत. बायका मागच्या रांगेत गप्प बसतात. त्यांना वेगळं विचारा, भजनी मंडळाच्या ओसरीवर जाऊन विचारा. लातूरच्या मार्केट यार्डात पोती वाहून पाठ गेलेल्या हमालाला विचारा; त्याला पेन्शन नाही, संघाचं सभासदत्व नाही, पण दुपारची डुलकी त्याला बागेतच काढायची असते. आणि दुपारी एक ते चार, नेमकी तेव्हाच आपण बाग बंद ठेवता. धुण्याभांड्याची दोन घरं आटोपून तिसऱ्या घराची वेळ होईपर्यंत टेकायला जागा शोधणाऱ्या मावशींना विचारा. आणि जे बागेत येत नाहीत त्यांना विचारा, का येत नाही म्हणून. येणाऱ्यांपेक्षा त्यांच्याकडून जास्त कळेल.

कसं विचारायचं? प्रश्नावली नको, आमच्यातल्या कित्येकांना वाचता येत नाही. आराखडा भिंतीवर लावून लेसरचा लाल ठिपकाही फिरवू नका. त्या ठिपक्यामागे मान फिरवून आमची मान धरते. जागेवर या. आमच्याबरोबर एक फेरी मारा, आमच्या चालीनं. कोण कुठं थांबतं, कशाला धरतं, कुठं मागे वळतं, एवढंच टिपा. मग फरशी टाकायच्या आधी जमिनीवर चुन्यानं वाट आखा आणि आम्हाला तिच्यावरून चालू द्या. चुना पुसता येतो, काँक्रीट फोडायला निविदा लागते. शंभर बाक ओतायच्या आधी एक नमुना आणून ठेवा, आठवडाभर आम्ही बसून बघू. आणि बाग झाल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा या. कुठलाही आराखडाकार उद्घाटनानंतर आपल्या बागेत आल्याचं आमच्या ऐकिवात नाही. माहेरी आल्यासारखा आपला मानपान करू.

निधी नाही असं म्हणू नका. बिलं तपासण्यात माझी उभी हयात गेलीय. बाकाला पाठ आणि हात लावायचा खर्च त्या कारंज्याच्या मोटारीच्या तुलनेत किरकोळ आहे, आणि कारंजं तर उद्घाटनाच्या दिवशी उडालं ते उडालं. आता त्याच्या हौदात पेंग्विनच्या तोंडात न मावणारा कचरा असतो.

तेव्हा आमची मागणी एकच : पुढच्या कामाच्या निविदेत एक अट घाला. आराखडा मंजूर होण्याआधी त्या प्रभागातल्या साठीपुढच्या बायका आणि पुरुष, दोघांबरोबर जागेवर फेरी झालेली असावी. त्यांनी काय सांगितलं आणि त्यातलं काय घेतलं, काय सोडलं आणि का, याचं एक पान फाइलला जोडलेलं असावं. ते पान बागेच्या फाटकावर लावा, वाचता येईल अशा अक्षरांत. ते नसेल तर बिल काढू नये. बिल अडलं की कान उघडतात, हा माझ्या नोकरीतला अनुभव आहे.

१ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिनी आम्हाला शाल-श्रीफळ देऊन गौरवण्याची प्रथा यंदा बंद केली तरी चालेल. एकेकाकडे एवढ्या शाली झाल्यात की बाकावर पाठ म्हणून रचता येतील.

कळावे, लोभ आहेच, तो कमी झाला तरी हरकत नाही.

आपला,
उठता न येणारा
एक राखीव नागरिक

ता. क. : स्वच्छतागृहाच्या कुलपाची किल्ली कुणाकडे असते, एवढं मात्र उलट टपाली कळवा. बाकीचं सवडीनं झालं तरी चालेल. हे तातडीचं आहे.